1 लाख 32 हजार चाललेल्या स्विफ्टमध्ये कोणतं ऑइल टाकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2013 ची पेट्रोल स्विफ्ट दुसऱ्या मालकाकडून घेतली. मीटरवर 1,32,000 किलोमीटर, सर्व्हिस बुकातल्या नोंदी मात्र 70 हजारांनंतर बंद. पुण्यात रोज ऑफिसला जाऊन-येऊन बारा किलोमीटर, महिन्यातून एकदा गावी कराडला फेरी. घराजवळचा मेकॅनिक म्हणतो इंजिन जुनं झालंय, दाट 20डब्ल्यू-50 ऑइल टाका. ऑइलचा दुकानदार म्हणतो जुन्या गाडीत फुल सिंथेटिक टाकलं तर चारी बाजूंनी गळायला लागेल. मेव्हणे म्हणतात आधी इंजिन फ्लश करून, म्हणजे रसायन ओतून आतला गाळ धुऊन घ्या. आणि तुम्ही विचारताय, ऐकू कोणाचं?

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण तिघांपैकी एकानंही तुमच्या गाडीची ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी (डिपस्टिक) ओढून बघितलेली दिसत नाही. मी साताऱ्यात सव्वीस वर्षं गॅरेज चालवतोय. जुनी गाडी घेऊन आलेला माणूस पहिल्यांदा ‘कुठलं ऑइल टाकू’ हेच विचारतो. ही गाडी ऑइल खाते का आणि खात असेल तर किती, ते कोणी विचारत नाही. खरं तर सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. तो आकडा तुमच्याकडे अजून नाही, म्हणून आधी तो काढायचा कसा ते सांगतो आणि मग ऑइलकडे येतो.

उद्या सकाळी गाडी चालू करण्याआधी, सपाट जागेवर, बॉनेट उघडा. ऑइल भरायचं झाकण काढा आणि मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. धातूवर तपकिरी, मधासारखी झाक असेल तर मागच्या मालकानं सर्व्हिस बुकात लिहिलं नसलं तरी ऑइल बऱ्यापैकी वेळेवर बदललंय. काळा चकचकीत थर दिसला आणि बोटाच्या नखानं खरवडल्यावर खरवडून निघाला, तर बऱ्याच सर्व्हिसिंग चुकल्या आहेत. काकवीसारखा घट्ट गाळ दिसला, तर त्या क्षणी फ्लशिंगचा विचार डोक्यातून काढून टाका. का ते पुढे येतं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट पिवळा, लोण्यासारखा फेस असेल तर घाबरून लगेच हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं असं समजू नका. रोज सहा-सहा किलोमीटर चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात असा फेस सर्रास जमतो, कारण ऑइल नीट तापतच नाही आणि आतली वाफ तिथे गार होऊन बसते. कराडची एक फेरी झाल्यावर तो गेला तर विषय संपला. फेस राहिला, कूलंटची पातळीही उतरतेय आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, असं तिन्ही एकदम असेल तर मात्र गाडी हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

आता पट्टी. ओढा, पुसा, परत घाला, परत ओढा. खालची खूण आणि वरची खूण यांत बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये एक लिटरच्या आतबाहेर अंतर असतं. ऑइल काळं आहे म्हणजे खराब आहे असं नाही. काळेपणा म्हणजे ते घाण धरून ठेवतंय, जे त्याचं कामच आहे. बोटांत चोळून बघा, कचकच लागते का. आणि वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर छोट्या फेऱ्यांमुळे ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय.

ग्रेडबद्दल बोलू. 5डब्ल्यू-30 मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. पहिला आकडा इंजिन थंड असताना ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा शंभर अंशांना ते किती दाट राहतं ते. या दुसऱ्या आकड्याला मोजमाप आहे. शंभर अंशांना 30 चं ऑइल 9.3 ते 12.5 सेंटीस्टोकच्या (हे दाटपणाचं एकक) मध्ये असावं लागतं, 40 चं 12.5 ते 16.3 आणि 50 चं 16.3 ते 21.9. म्हणजे 30 मधलं दाट ऑइल आणि 40 मधलं पातळ ऑइल यांत जवळजवळ फरक नसतो. लोक 30 वरून 40 वर जाताना फार मोठा निर्णय घेतल्यासारखं करतात, तेवढं ते मोठं नाही. 30 वरून 50 वर उडी मारणं मात्र मोठं आहे.

त्याहून मोठी गोष्ट पहिल्या आकड्याची आहे, आणि ती आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. ‘इथे कुठे बर्फ पडतो?’ असं म्हणतात. बर्फ नाही पडत, पण सकाळी गाडी चालू करताना ऑइल वीस-तीस अंशांवरच असतं, शंभरावर नसतं. चाळीस अंशांनासुद्धा 20डब्ल्यू-50 हे 5डब्ल्यू-30 च्या साधारण अडीचपट दाट असतं. किल्ली फिरवल्यावर ते इंजिनाच्या तळाच्या चेंबरातून वर कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पोचेस्तोवर पहिले काही सेकंद धातूवर धातू घासतो. इंजिनाची बरीच झीज त्या सेकंदांत होते. तुमचं 1197 सीसीचं के-सिरीज इंजिन टायमिंग चेनवर चालतं, चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर ताणला जातो, आणि त्याच ऑइलवर व्हॉल्व्हच्या टायमिंगची यंत्रणाही चालते. त्या वाटा बारीक आहेत. 20डब्ल्यू-40, 20डब्ल्यू-50 ही ऑइलं पद्मिनी, अँबेसेडरच्या काळातली. तेव्हाच्या इंजिनांत फटी मोठ्या होत्या, बांधणी वेगळी होती. तुमच्या मेकॅनिकनं शिकताना तीच इंजिनं बघितली असतील. त्याचा हेतू वाईट नाही. दाट ऑइलनं आवाज थोडा कमी होतो, धूर थोडा कमी होतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. रोग आहे तिथेच राहतो, फक्त ऐकू यायचा बंद होतो.

म्हणून माझं उत्तर: सुरुवात गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडनं करा. तुमच्या गाडीसाठी 5डब्ल्यू-30 धरून चाला, तरी ग्लोव्ह बॉक्समधलं पुस्तक उघडून तक्ता स्वतः बघाच. पुस्तक नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतं. डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी हे दर्जाचं मानांकन लिहिलेलं असावं. एसएन 2010 चं, एसपी 2020 चं. नवं मानांकन जुन्या गाडीला चालतं, उलटं चालत नाही. ‘सी’ने सुरू होणारं, म्हणजे सीआय-4, सीके-4 वगैरे, हे डिझेलसाठीचं. ट्रकवाल्यांकडचं 15डब्ल्यू-40 स्वस्तात मिळतं म्हणून पेट्रोल गाडीत ओतणारे पुष्कळ आहेत. तुम्ही त्यांत जाऊ नका, तुमच्या सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे आणि तो महाग आहे.

40 वर कधी जायचं? 5डब्ल्यू-30 वर दोन ऑइल बदल झाले, बाकी सगळं तपासून झालं, तरी गाडी हजार किलोमीटरला 300 मिलीच्या वर ऑइल खातेय, आणि मॅन्युअलच्या तक्त्यात 40 बसतं, तर 5डब्ल्यू-40 टाका. नागपूर-चंद्रपूरकडचे लोक मला उन्हाळ्याचं कारण सांगतात. बाहेर 46 अंश असले तरी थर्मोस्टॅट आणि पंखा नीट असतील तर आतलं ऑइल त्याच शंभर अंशांच्या आसपास राहतं. बाहेरच्या उन्हापेक्षा भरलेली गाडी, एसी आणि घाट या गोष्टी ऑइलला जास्त तापवतात.

अमेरिकेत 75 हजार मैलांच्या, म्हणजे आपल्या साधारण एक लाख वीस हजार किलोमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी ‘हाय मायलेज’ असं लिहिलेलं ऑइल दुकानात वेगळं मिळतं. त्यात रबराचे सील थोडे फुगवून मऊ ठेवणारी रसायनं आणि जास्त सफाई करणारे घटक असतात. आपल्याकडे मिळालं आणि ग्रेड जुळला तर खुशाल वापरा. नाही मिळालं म्हणून काही अडत नाही.

दुकानदाराचं म्हणणं. सिंथेटिक ऑइलनं गळती होते हे सुरुवातीच्या काळातल्या सिंथेटिकच्या बाबतीत काही प्रमाणात खरं होतं, तेव्हा सील आकसायचे. आता तसं नसतं. आता होतं ते वेगळंच: सील आधीच फाटलेला असतो, त्यावर वर्षानुवर्षांचा काळा गाळ बसून भोक बुजलेलं असतं. चांगलं ऑइल तो गाळ धुऊन काढतं आणि गळती दिसायला लागते. नाव ऑइलचं होतं. तुमच्या गाडीत आधी तीन ठिकाणी बघा. एक, वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग. दोन, कॉइल काढून स्पार्क प्लगच्या विहिरी. तिथे ऑइल साचलं असेल तर त्या नळीचे सील गेलेत, आणि गाडी मिस मारते तेव्हा लोक उगाच कॉइल बदलत बसतात. तीन, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब. हा तिसरा सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून थोडंसं पाझरत असेल तर क्लचचं काम निघेपर्यंत थांबा आणि तेव्हा दोन्ही एकदम करून घ्या. सेमी सिंथेटिकनं सुरुवात केली तरी माझी हरकत नाही. वेळेवर बदललेलं साधं ऑइल हे वर्षानुवर्षं तसंच ठेवलेल्या महागड्या ऑइलपेक्षा केव्हाही बरं.

फ्लशिंगबद्दल मी बोलतो ते स्वतःची चूक झाल्यामुळे. गॅरेज सुरू करून फार वर्षं झाली नव्हती. एक जुनी हॅचबॅक आली, झाकणाखाली घट्ट गाळ. मी उत्साहानं फ्लशची बाटली ओतली, पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, काळंकुट्ट ऑइल निघालं, नवं भरलं. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. गाडी पुण्याकडे निघाली आणि खंबाटकीच्या चढाला ऑइलचा लाल दिवा लागला. नशीब त्यानं गाडी तिथेच बंद केली. टोचन करून आणली, चेंबर उतरवलं, तर ऑइल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी चिखलाच्या गोळ्यांनी भरलेली. जो गाळ वर निवांत चिकटून बसला होता तो मीच सुटा करून जाळीवर नेऊन बसवला होता. चेंबर धुणं, जाळी साफ करणं, पॅकिंग, पुन्हा नवं ऑइल, सगळं माझ्या खिशातून गेलं. तेव्हापासून माझ्याकडे फ्लशची बाटली येत नाही. झाकणाखाली गाळ असेल तर चेंबर उतरवून हातानं धुतो. गाळ नसेल तर फ्लशची गरजच नाही. मधलं असेल, म्हणजे काळा थर पण पातळ, तर चांगलं ऑइल भरून 2,000 किलोमीटरला बदला, मग 3,000 ला, मग दर 5,000 ला. सफाई हळूहळू होते आणि सुटलेली घाण फिल्टरमध्ये अडकते. तुमच्या छोट्या फेऱ्या बघता कंपनीची 10 हजार किलोमीटरची मुदत तुमच्यासाठी नाही. 5,000 किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते.

आता तो आकडा. नवं ऑइल आणि फिल्टर टाकून पट्टीवर बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा. मीटरचा आकडा वहीत लिहा. दर रविवारी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, त्याच जागेवर उभी असताना बघा. पातळी मध्यावर आली की मापाच्या भांड्यानं भर घाला आणि किती मिली लागलं ते लिहा. हजार किलोमीटर झाले की बेरीज करा. 200 मिलीपर्यंत लागलं तर या वयाच्या इंजिनाला मी काही म्हणत नाही. 500 च्या पुढे गेलं तर कारण शोधायचं. एक लिटरच्या आसपास असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघणार हे धरून पैसे बाजूला ठेवा.

कारण शोधताना धूर बघा. रात्रभर उभी राहून सकाळी चालू करताना एक निळसर फुसकारा आला आणि मग साफ झालं, तर व्हॉल्व्ह सील. घाट उतरताना बराच वेळ पाय सोडून नंतर दाबल्यावर निळा धूर आला तरी बहुधा तेच. दाबून चालवताना सतत निळा असेल तर रिंगा. पण इंजिन उघडायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ आणि दाब बाहेर सोडणारा) काढून हलवून बघा. बोटाएवढा भाग असतो, कानाशी हलवला तर आतून खुळखुळला पाहिजे. कोरेगावच्या एका गुरुजींची गाडी माझ्याकडे आली ती ‘अर्धं इंजिन बांधायला सांगितलंय’ म्हणून. हजारला 700 मिली खात होती. त्यांचा पीसीव्ही गाळानं चिकटून मुका झाला होता. तो बंद पडला की इंजिनातला दाब बाहेर जायला वाट शोधतो, सील ढकलतो, ऑइल वर खेचलं जातं. तो व्हॉल्व्ह आणि त्याची नळी बदलली, दोन वेळा लवकर ऑइल बदललं, आणि 700 चं 250 वर आलं. गुरुजी अजून तीच गाडी चालवतात. दर वेळी असंच होतं असं मुळीच नाही, पण इतका स्वस्त भाग आधी न बदलता इंजिन उघडणं मला पटत नाही.

ऑइल बदलताना दोन किरकोळ गोष्टी सांभाळा. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा. जुना वायसर चपटा झालेला असतो, मग थेंब थांबवण्यासाठी मेकॅनिक बोल्ट आवळत राहतो आणि चेंबरच्या आट्या जातात. फिल्टर हातानं बसवायचा, रबरावर ऑइलचं बोट फिरवून. पान्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी काढताना हातोडा-छिन्नी लागते. गाडी चालू केल्यावर लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. सकाळी चेनची खडखड तीन-चार सेकंदांहून जास्त चालली तर आधी ऑइलची पातळी बघा, ती बरोबर असेल तर टेन्शनरकडे जा.

बाकीच्या द्रवांमध्ये मी सगळ्यात आधी कूलंट बघतो. जुन्या मालकानं उन्हाळ्यात बोअरचं पाणी ओतलेलं नसेल याची काय खात्री? रेडिएटरचं झाकण गार असताना उघडा, आत विटकरी पाणी किंवा पांढरे क्षार दिसले तर सगळं काढून, डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन, नवं कूलंट भरा. बोअरच्या पाण्याचे क्षार बारीक वाटांत बसतात आणि ॲल्युमिनियमचं हेड एकदा जास्त तापलं की वाकतं. मी जेवढी इंजिनं बांधली त्यांत ऑइलमुळे गेलेल्यांपेक्षा पाण्यामुळे गेलेली कमी नाहीत. रंगावर जाऊ नका, हिरवं-निळं-लाल हा फक्त रंग असतो. पुस्तकात सांगितलेलं घ्या. रेडिएटरचं झाकणही नवं टाका, त्याची स्प्रिंग दमते. गरम असताना उघडू नका, हे सांगायला नको, तरी दरवर्षी एकदोघे हात भाजून येतातच.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-3 205 अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर 140 लाच. कराडला जाता-येता घाट उतरताना पेडल मऊ लागण्याचं कारण तेच. कधी बदललं ते माहीत नसेल तर आत्ता बदला, पुढे दर दोन वर्षांनी. गिअर ऑइलही एकदा बदलून टाका, पण जीएल-4 लिहिलेलंच. डिफरेन्शियलसाठीचं जीएल-5 गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझरला मानवत नाही आणि मग दुसरा गिअर पडताना कुरकुरतो. एअर फिल्टर, प्लग, बाहेरचा पट्टा एका झटक्यात बघून घ्या. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा, 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान असली तरी इतके जुने टायर हायवेला नेऊ नका. गाडी 2023 च्या आधीची आहे आणि पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या हातानं दाबून बघा. भेगा किंवा चिकटपणा असेल तर बदला.

तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन दुसरी गाडी असलेलं कोणी वाचत असेल तर एवढं सांगतो: तुमच्या इंजिनाला चेन आहे का बेल्ट, ते आधी शोधा. जुन्या सँट्रोला, 1.5 डीसीआय डिझेलच्या डस्टरला रबरी टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचा कागद नसेल तर ऑइलच्या आधी तो बदला. तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, मग कुठलं ऑइल हा प्रश्नच उरत नाही.

डबा ओळखीच्या दुकानातून, पावतीसकट घ्या, आणि झाकणाची कडी तुमच्या समोर तुटू द्या. सर्व्हिसिंगच्या वेळी स्वतः उभे राहा. निघालेलं जळकं ऑइल गटारात जाऊ देऊ नका. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला मागणारे येतात, त्यांनाही नको, ते नोंदणी असलेल्या जुनं ऑइल घेणाऱ्याकडे गेलं पाहिजे. आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी पोटात सुरी घाला. बनावट ऑइल विकणाऱ्याला तोच डबा, त्याच स्टिकरसकट, हवा असतो.